बारा इंची चाक, लांबचा पल्ला

लांब पल्ल्याच्या रॅलीला छोटी गाडी न्यायची ठरली की इंजिन, दिवे, मार्गाचे नकाशे, सोबतचा डबा यांवर महिनाभर खल होतो आणि टायरचा निर्णय शेवटच्या आठवड्यात दुकानदार घेतो. यात दुकानदाराचं काही चुकत नाही. त्याच्या फळीवर जे माप असतं ते तो देतो. पण खडीच्या रस्त्यावर अल्टो किंवा वॅगनआर बसण्याचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे बाजूने कापला गेलेला टायर, आणि तो कापला जाणार की नाही हे बऱ्याच अंशी घरीच ठरलेलं असतं. म्हणून प्रश्न मुळापासून घ्यायला हवा. छोट्या गाडीला ऑफ-रोड टायर लागतो का? लागला तर मिळतो का? आणि मिळाला तर तो गाडीला झेपतो का?

या प्रश्नांची तपासणी करायला नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यासारखं मैदान शोधून मिळणार नाही. पूर्वेला उमराण्यातून मुंबई–आग्रा महामार्ग जातो, म्हणजे चौपदरी रस्त्याचा वेग आला. चांदवडकडून भावडबारीचा घाट चढून देवळ्यात यायचं, पुढे लोहोणेरला गिरणा ओलांडून सटाण्याकडे जायचं, म्हणजे घाट, वळणं आणि जड वाहतूक आली. मुख्य रस्ता सोडला की मुरमाचे शिवाररस्ते, माळावर बेसॉल्टचे उघडे पडलेले दगड, गिरणेच्या पात्रातले गोटे आणि काठाची काळी जमीन. पश्चिमेला कळवण, अभोणा करत हातगडाकडे निघालं की पावसाचं प्रमाणही बदलतं आणि मातीचा रंगही. रॅलीचा मार्ग आखणाऱ्याला जे जे लागतं ते सगळं इथे फारसं डिझेल न जाळता सापडतं.

नाशिकला हे नवंही नाही. नाशिकच्या वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे ‘विसा’ने, भरवलेली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेची फेरी म्हणून गाजलेली आहे. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली आणि परदेशी चालकांना आपल्या डोंगरात आणलं. त्याआधी १९६८ च्या डिसेंबरात लंडन–सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून मुंबईत आल्या आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. १९९९ पासून ‘रेड दे हिमालया’ सुरू झाली आणि तिच्यामुळे सामान्य माणसाला आपली रोजची गाडी घेऊन स्पीती-लडाखच्या वाटेला लागायची हिंमत आली.

पण ‘रॅली’ या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येकाची टायरची गरज वेगळी असते. इथेच पहिला गोंधळ होतो. वेगाच्या रॅलीत बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाशी झुंज असते. तिथले टायर खास खडी-मातीसाठी बनवलेले, मऊ रबराचे, कडक बाजूंचे असतात. काही किलोमीटरचे टप्पे संपले की सर्व्हिस पार्कमध्ये मेकॅनिक चाकं बदलायला तयार असतात. एमआरएफ या कामात जगाच्या पंक्तीला जाऊन बसली आहे. २०२२ च्या युरोपियन रॅली अजिंक्यपदात एफ्रेन यारेना हा स्पॅनिश चालक तिच्याच टायरवर विजेता झाला. मात्र हा टायर डांबरी रस्त्यावर भराभर झिजतो. सोबत सर्व्हिसची गाडी नसलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार वेळ-वेग-अंतराचा, म्हणजे टीएसडीचा. आयोजकाने दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, लवकर पोहोचलं तरी दंड, उशीर झाला तरी दंड. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनच्या महिलांसाठीच्या रॅलीत घरगुती गाड्याच धावतात आणि रेड दे हिमालयातही या प्रकारचा वेगळा गट असे. तिसरा प्रकार क्रॉस-कंट्रीचा, जिप्सी आणि तिच्या थोरल्या भावंडांचा. चौथा म्हणजे हौसेची किंवा मदतनिधीची दूरची सफर. २००४ साली इंग्लंडमधून सुरू झालेली मंगोल रॅली त्यातली सर्वांत वात्रट. तिचा नियमच असा की गाडी जितकी छोटी आणि बिनकामाची तितकी चांगली. या लेखाचा रोख दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारावर आहे, कारण आपल्याकडे छोटी गाडी घेऊन निघणारा माणूस बहुतेक तिथेच असतो.

आता मापाकडे येऊ, कारण खरी अडचण मापातच आहे. अल्टो ८०० चा टायर १४५/८० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे ११६, आणि डिस्क १२ इंची. सगळं मिळून चाकाचा व्यास साधारण ५३७ मिलिमीटर. जुन्या मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२, व्यास जेमतेम ५०८. जिम्नीचा १९५/८० आर १५, व्यास ६९३. जिम्नीचा आस अल्टोच्या आसापेक्षा निव्वळ चाकामुळे ७८ मिलिमीटर वर बसतो. याचा अर्थ फक्त गाडीचं पोट उंच राहतं एवढाच नाही. खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यात जास्त खोल उतरतं आणि पुढच्या काठावर जास्त उभ्या कोनात आदळतं. तो मार आधी टायरच्या बाजूवर आणि मग डिस्कवर बसतो. छोट्या गाडीच्या टायरचा विचार या आदळण्यापासून सुरू करायचा, नक्षीपासून नाही.

आपल्याकडे दुकानात ‘एटी’ म्हणजे ऑल-टेरेन टायर मागितला की पंधरा इंचाच्या पुढची मापं निघतात. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, डस्टर यांची. बारा आणि तेरा इंचात जवळजवळ शुकशुकाट. गंमत अशी की ज्या जपानमधून मारुती ८०० ची घडण आली, तिथे अगदी याच मापात ऑफ-रोड टायर भरपूर आहेत. तिथले शेतकरी ‘केई’ वर्गातले चिमुकले ट्रक वापरतात आणि त्यांच्यासाठी टोयोसारखी कंपनी ‘ओपन कंट्री आर/टी’ हा दांडग्या नक्षीचा टायर १४५/८० आर १२ मध्ये बनवते. म्हणजे हे माप ऑफ-रोडला लायक नाही, असं मुळीच नाही. आपल्या बाजाराला ते विकावंसं वाटलेलं नाही. बाहेरून मागवावं म्हटलं तर जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली गेली आहे, आणि इथे विकल्या जाणाऱ्या टायरवर भारतीय मानक संस्थेचा शिक्का लागतो. चार टायरसाठी कुणी एवढी खटपट करणार नाही.

पण जपानी शेतकऱ्याने शोधलेलं उत्तर देवळ्यात वेगळ्या नावाने रोज रस्त्यावर फिरतं आहे. भाजी आणि कांद्याच्या गोण्या वाहणारा ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस, १४५ आर १२ एलटी या टायरवर चालतो. जुन्या ओम्नीलाही १४५ आर १२ एलटीच असे, फक्त जरा हलक्या ताकदीचा. ईकोच्या मालवाहू गाडीला १५५ आर १३ एलटी. हे एलटी म्हणजे हलक्या मालवाहू वाहनाचे टायर. त्यांच्यावर ‘८ पीआर’ असं लिहिलेलं असतं. आत कापडाचे आठ थर असतात असा त्याचा अर्थ नाही, पूर्वीच्या सुती आठ थरांइतकी ताकद आहे एवढाच. ताकदीचा खरा आकडा भारांकात दिसतो. अल्टोच्या नेहमीच्या टायरचा भारांक ७४, म्हणजे एका टायरवर ३७५ किलो. छोट्या हत्तीच्या टायरचा ८६, म्हणजे ५३० किलो. दोघांचा व्यास जवळपास सारखा, डिस्क तेवढीच, आणि हा टायर तालुक्याच्या कोणत्याही टायरवाल्याकडे फळीवर पडलेला असतो. माझ्या मते छोट्या गाडीच्या ऑफ-रोड टायरच्या चर्चेत या एका गोष्टीला सगळ्यात जास्त वजन द्यायला हवं आणि तीच सगळ्यात कमी बोलली जाते, कारण मालवाहू टायर दिसायला मर्दानी नसतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. मालवाहू टायरचं रबर कडक असतं, कारण त्याच्या मालकाला तो जास्तीत जास्त किलोमीटर चालायला हवा असतो. ओल्या डांबरावर, भावडबारीच्या उतारावर पावसाच्या पहिल्या सरीत ब्रेक दाबला की हा कडकपणा जाणवतो. गाडी नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबते. टायर जड असल्याने आठशे सीसीचं इंजिन चढावर कुरकुरतं आणि स्टिअरिंगला दगडाचा प्रत्येक ठोका पोहोचतो. त्याची वेगमर्यादाही कमी असते. टायरवरचं इंग्रजी अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नये. हवेचं गणितही वेगळं. हा टायर पूर्ण भाराला ६०-६५ पौंड हवेवर चालण्यासाठी केलेला आहे. अल्टोसारखी साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी, दोन माणसं आणि सामान धरलं तर हजार किलो. पुढच्या चाकावर फार तर तीनशे येतात. एवढ्याला तीस-बत्तीस पौंड पुरे. छोट्या हत्तीला भरतात तेवढी हवा अल्टोत भरली तर गाडी रस्त्यावरून चेंडूसारखी उडत जाईल आणि खडीत पकड राहणार नाही.

मग नक्षीचं काय? खोल खाचा, मोठाल्या गुंड्या, बाजूवर चढलेले दात, हे पाहून खरेदीदाराचं मन पाघळतं. नक्षी कामाची आहे, नाही असं नाही. भुसभुशीत मुरमाच्या चढावर, ओल्या गवतावर, उथळ चिखलात तिच्यामुळे गाडी निघते. पण देवळ्यासारख्या कोरड्या, दगडाळ मुलखात टायर मरतो तो बहुधा बाजूने. गुंड्यांच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खिळा, काच, काटा यांना ते काही प्रमाणात अडवतात. बाजूला पोलाद नसतं. साध्या कारच्या टायरमध्ये तिथे बहुतेक वेळा पॉलिस्टर दोऱ्यांचा एकच थर आणि वर रबर असतं. त्या रबरावर ताज्या फोडलेल्या खडीची धार बसली की काम संपलं. बाजूचं पंक्चर निघत नाही. दुसरा मार आतला. दगड आणि डिस्कची कड यांच्यात बाजू चिमटली की बाहेरून काही दिसत नाही, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा येतो. फुगलेला टायर घेऊन पुढच्या गावापर्यंत जाता येईल, महामार्गावर नाही.

इथे दगडादगडांतला फरकही पाहावा लागतो. गिरणेच्या पात्रातले गोटे घासून गुळगुळीत झालेले असतात. ते टायर कापत नाहीत, पण चाकाखालून सटकतात आणि डिस्क वाकवतात. रस्त्याच्या कामासाठी पसरलेली क्रशरची खडी उलट. छोटी असते आणि चाकूसारखी कापते. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं असतं तिथे वळणरस्त्यावरून जाताना जो माणूस चर चुकवायला स्टिअरिंग वळवून चाक चराच्या भिंतीवर चढवतो, तो टायरची बाजू स्वतःहून खडीच्या हवाली करतो. चरात उतरला असाल तर चरातूनच चला, बाहेर पडायचं तर सपाट जागा येऊ द्या. हे कोणत्याही टायरला लागू.

रुंद की अरुंद, हा वाद चहाच्या टपरीवर कधीच मिटत नाही. छोट्या गाडीपुरता तो मिटवता येतो असं मला वाटतं. रुंद टायर वाळूत आणि गुळगुळीत डांबरावर कामाचा. सैल खडीखाली घट्ट थर असेल तर अरुंद टायर वरचा थर कापून त्या थराला टेकतो. तो चिखलात कमी माती ढकलतो, पेट्रोल कमी पितो आणि डिस्कही बदलावी लागत नाही. पूर्वीच्या फ्रेंच माणसांनी हे सिद्ध करून दाखवलं आहे. सिट्रोएनने १९७० मध्ये टू-सीव्ही या हलक्या गाड्यांचा ताफा पॅरिसहून काबूलला नेऊन परत आणला. त्या गाडीची चाकं पंधरा इंची आणि टायर जेमतेम १२५ मिलिमीटर रुंद. मारो बंधूंनी रेनो ४ च्या चारही चाकं ओढणाऱ्या अवतारात १९८० च्या पॅरिस–डाकारमध्ये गाड्यांत तिसरा क्रमांक मिळवला. आजही विद्यार्थ्यांची ‘४ एल ट्रॉफी’ त्याच रेनो ४ मधून मोरोक्कोच्या वाळवंटात जाते. उंच आणि अरुंद चाक ही गरिबाची फोर-बाय-फोर आहे. आपल्याकडे उलटं चालतं. रॅलीला जायचं म्हणून डिस्क मोठी आणि टायर बुटका व रुंद करतात, म्हणजे बाजूची उंची कमी होते आणि दगडाचा मार थेट डिस्कवर जातो.

याच तर्काने एक सोपी सुधारणा करता येते. अल्टो के-१० च्या १४५/८० आर १३ ऐवजी १५५/८० आर १३ बसवला तर व्यास ५६२ चा ५७८ होतो आणि गाडी आठ मिलिमीटर वर उचलली जाते. आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण टायरच्या बाजूचीही उंची तेवढीच वाढते, आणि तिथेच आपल्याला ती हवी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे दोन माणसं बसवून चाक मडगार्डला घासत नाही ना, हे पाहिल्याशिवाय मात्र बिल चुकतं करू नये. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनीने जे माप दिलं आहे त्याच्या बाहेर जाण्यात धोका आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टायरचं माप वाचतो.

टीएसडी खेळणाऱ्याला या आठ मिलिमीटरची आणखी एक बाजू आहे. चाक पावणेतीन-तीन टक्क्यांनी मोठं झालं की मीटर तेवढं कमी दाखवतं. प्रत्यक्ष शंभर किलोमीटर धावल्यावर मीटरवर ९७ च्या आसपास. ताशी ४० च्या सरासरीला तीन किलोमीटर म्हणजे साडेचार मिनिटं, आणि तिथे सेकंदाला गुण कापतात. आयोजक सुरुवातीला मीटर जुळवून घ्यायला ठरावीक अंतराचा टप्पा देतात तो यासाठीच. तो टप्पा ज्या टायरवर आणि ज्या हवेवर पार केला, त्याच टायरवर आणि त्याच हवेवर स्पर्धा संपवायची. अर्ध्यावर वेगळ्या मापाची स्टेपनी पुढच्या चाकाला लागली की सहचालकाचे सगळे हिशेब गेले. टीएसडीत स्टेपनीही पूर्ण मापाचीच हवी, ती यासाठी.

स्टेपनीवरून आठवलं. जुलै २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या प्रवासी गाडीला स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. शहरात ठीक. लांबच्या रॅलीला निघताना मात्र पाच नव्हे, सहा चाकं लागतात. दोन स्टेपन्या, दोन्ही डिस्कसकट. एक डिकीत, एक मागच्या सीटच्या जागी पट्ट्याने आवळून. टपावर नको, छोटी गाडी आधीच वाऱ्याला घाबरते. डिस्क पोलादी हव्यात. पोलाद वाकतं आणि हातोड्याने सरळ करता येतं. अलॉय तडकतं आणि मग ते नुसतं ओझं. नॅनोची पुढची आणि मागची चाकं वेगळ्या मापाची आहेत, त्यामुळे ती गाडी न्यायची असेल तर स्टेपन्यांचा हिशेब दुप्पट होतो. म्हणून नेऊ नये, असं माझं मत. गाडी गरीब बिचारी आहे, तिला त्रास का द्या.

काट्यांबद्दल नाशिक जिल्ह्याबाहेरचा माणूस फारसा विचार करत नाही. वेड्या बाभळीचा काटा सुकल्यावर खिळ्यासारखा होतो. डाळिंबाची छाटणी झाली की काटेरी फांद्या बांधावर, तिथून रस्त्यावर येतात. मका काढल्यावर शेतात राहिलेले तिरपे खुंट ट्रॅक्टरच्या टायरला भोकं पाडतात, तिथे अल्टोची काय कथा. हे सगळं गुंड्यांमधून आत येतं, बाजूने नाही, त्यामुळे इथे नक्षीची जाडी कामाला येते. अर्धा घासलेला टायर ‘अजून वर्षभर जाईल’ म्हणून रॅलीला नेला तर तो काट्यांचा होतो. कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. रॅलीला निघताना पाचच्या खाली नसावी. किटमध्ये दोरीसारख्या पंक्चरच्या पट्ट्या भरपूर ठेवाव्यात, आणि एक ट्यूबही. डिस्कची कड वाकून ट्यूबलेस टायर हवा धरेनासा झाला की ट्यूब घालून हळूहळू पुढचं गाव गाठता येतं. आतला काटा काढल्याशिवाय ट्यूब घालू नये, हे सांगायची गरज नाही. पण अंधारात, घाईत, हमखास राहतं.

काळ्या जमिनीचा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्याला टायर हे उत्तरच नाही. पाऊस पडल्यावर गिरणेच्या काठची काळी माती चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीवर आणखी माती चढते आणि छोट्या गाडीच्या मडगार्डखाली मुळात बोटभर जागा असते, ती भरून चाक फिरायचं थांबतं. यात मोठ्या गुंड्यांचा टायर उलट जास्त माती उचलून आणतो. इथला शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाही. रॅलीवाल्यानेही टाकू नये. मार्गातच आली तर वेग न मोडता, मधे न थांबता, कडेच्या गवतावर एक बाजू ठेवून काढायची.

हवेबद्दल मात्र थोडं रेंगाळायला हवं. वाळूत अडकल्यावर हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवली की टायर जमिनीला लांबवर टेकतो आणि गाडी निघते. ही युक्ती सर्वांना माहीत असते. परत हवा भरायची असते हे मात्र विसरलं जातं. रॅलीचा मार्ग आता असा असतो की सकाळी शिवाररस्ता आणि दुपारी समृद्धी महामार्ग. देवळ्याहून मनमाड-कोपरगावमार्गे समृद्धीवर चढता येतं. तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० आणि खाली तापलेलं काँक्रीट. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि तापून फुटतो. २०२२ च्या डिसेंबरात या महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायची वेळ आली, ती उगाच नाही. आणि खडीवर हवा उतरवू नये. तिथे कमी हवा म्हणजे बाजू बाहेर फुगलेली आणि डिस्क दगडाच्या जवळ. लायटरच्या खोबणीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि स्वतःचं गेज या दोन वस्तू महागड्या टायरपेक्षा जास्त उपयोगी आहेत. पंपावरच्या गेजवर विसंबून टायरचं भवितव्य ठरवू नये.

लडाखपर्यंत जाणाऱ्यांसाठी एक छोटासा हिशेब. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने टायर जास्त फुगतो आणि थंडीने आतली हवा आकसते. देवळ्यात तीस अंश तापमानात भरलेले तीस पौंड खार्दुंग ला या ५,३५९ मीटरच्या खिंडीत शून्य अंशाला ढोबळमानाने बत्तीसच्या आसपास दिसतील. म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. चढताना घाबरून हवा सोडणारा माणूस परत सपाटीवर येतो तेव्हा टायर मऊ पडलेले असतात.

नवे टायर कोणत्या आसाला, यावरही दोन पक्ष आहेत. टायर कंपन्या सांगतात मागे लावा, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आपल्या छोट्या गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना, वळणं तीच घेतात, ब्रेकचा बहुतेक भार तीच उचलतात, म्हणून मातीत खेळणारे चांगले टायर पुढे मागतात. लांबच्या रॅलीला चारही सारखे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत, हाच शहाणपणा. पैसे कमी असतील तर दोन स्टेपन्यांपैकी एक जुनी चालेल. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बारा इंची कारचा टायर आता कमी खपतो, त्यामुळे दुकानात नवा म्हणून पडलेला टायर तीन-चार वर्षांचा निघू शकतो. बॅटरीचा टॉर्च घेऊन तारीख वाचायला दुकानदारासमोर लाजू नये. आणि नवा टायर रॅलीच्या आदल्या रात्री घालू नये; दोन-तीनशे किलोमीटर चालवून, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून मगच निघावं.

आता कोणी देवळ्यातला मुलगा बापाची अल्टो ८०० घेऊन टीएसडी खेळायला निघाला आणि मार्ग बहुतांशी डांबरी असला, तर मी त्याला मूळ मापाचे नवे कोरे साधे टायर घ्यायला सांगेन आणि उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर. तोच जर स्पीतीला किंवा राजस्थानच्या कडेकडेने महिनाभराच्या सफरीला निघाला, तर छोट्या हत्तीचे १४५ आर १२ एलटी, सहा, पोलादी डिस्कवर, आणि पावसाळा टाळून. के-१० वाल्याला १५५ आर १३ एलटी, डिस्कची रुंदी त्या टायरला चालते हे तपासून. चौदा-पंधरा इंची चाकं असलेली स्विफ्ट किंवा क्विड असेल तर त्या मापात थोडी जाड नक्षी कुठे मिळते का हे नाशिकला जाऊन पाहायला हरकत नाही. सातपूरला सीएटचा कारखाना असलेल्या शहरात दुकानं पुष्कळ आहेत. पण मार्गावरच्या गावांतल्या टायरवाल्यांकडे तेच माप मिळेल का, हे फोन करून विचारूनच. बाहेरचं दुर्मिळ माप बसवलं आणि तिसऱ्या दिवशी दोन टायर कापले गेले तर ट्रान्सपोर्टने टायर येईपर्यंत लॉजवर पत्ते खेळत बसावं लागतं. दुरून आणलेला रिमोल्ड टायर कितीही स्वस्त असला तरी नको. खडी आणि उष्णता यांत वरचं रबर सुटलं तर ते मडगार्डसकट घेऊन जातं.

आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांब, दीड इंच जाडीची फळी गाडीत असू द्या. छोट्या गाडीच्या जॅकची बैठक तळहाताएवढी असते. मऊ मुरमात ती गाडी उचलण्याऐवजी स्वतः जमिनीत उतरते, आणि गाडीतल्या दोन्ही स्टेपन्या जागच्या जागी राहतात.